मुलगा भावाच्या वयाचा झाला तेव्हा

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका 38 वर्षांच्या असून पती आणि अडीच वर्षांच्या मुलासह पुण्यात राहतात व नोकरी करतात. त्यांचे बालपण किल्लारीजवळच्या एका गावात गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन पाहून परतल्यावर त्या आजीजवळ अंगणात झोपल्या. अडीच वर्षांचा धाकटा भाऊ त्यांच्या अंथरुणात शिरू लागला, तेव्हा त्यांनी त्याला ढकलून "आईकडे जा" म्हटले आणि तो आत गेला. पहाटे घराचे माळवद कोसळले. आईला जखमी अवस्थेत बाहेर काढण्यात आले, भाऊ वाचला नाही. ढकलण्याची ही गोष्ट त्यांनी आजवर कोणालाही, अगदी पतीलाही सांगितलेली नाही. मुलगा भावाच्या वयाचा झाल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. रात्रीतून अनेकदा उठून त्या मुलाचा श्वास पाहतात, चपला आणि किल्ल्या उशाशी ठेवतात, सातव्या मजल्यावर घेतलेल्या नव्या घरात राहायला जाणे टाळतात. इमारत पक्की आहे, असे म्हणून पती त्यावरून चिडतात. रस्त्यावरून जड ट्रक गेला की आता मुलगाही "भिंत पडेल" म्हणून रडतो. रात्री तो अंगावर येऊन बिलगला की मात्र त्यांना गुदमरल्यासारखे होते. दोन-तीन वेळा त्यांनी त्याला जोराने दूर लोटले, एकदा धपाटाही घातला आणि नंतर दिवसभर तो मागेल ते त्याला देत राहिल्या. त्या विचारतात: "मी आई व्हायला नालायक आहे का? मुलाला शाळेत जाईपर्यंत सोलापूरला सासूबाईंकडे ठेवावे का? त्या रात्रीचे माझ्या आईला सांगावे का?"

ताई,

सोलापूरच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या गोष्टींना वेळ आहे आणि हा निर्णय कदाचित तुमच्या घरी याच आठवड्यात होऊ घातला असेल. मुलाला पाठवू नका. "शाळेत जाईपर्यंत" या शब्दांचा अडीच वर्षांच्या मुलाला काहीच अर्थ लागत नाही. आई काही महिने नसणे आणि कधीच नसणे यांत त्याच्या लेखी फारसा फरक नसतो. जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश संशोधकांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून लंडनमधील रुग्णालयांत आईवडिलांवाचून राहणाऱ्या लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा त्यांना एक क्रम पुन्हा पुन्हा दिसला. मूल आधी जिवाच्या आकांताने रडते, मग हताश होऊन मलूल पडते आणि शेवटी शांत होऊन जेवू-खेळू लागते. या शेवटच्या टप्प्यावर सगळे म्हणतात की मूल आता रुळले. प्रत्यक्षात त्याने आईची वाट पाहणे सोडून दिलेले असते. आजीचे घर म्हणजे रुग्णालय नव्हे, आणि ओळखीचे, मायेचे माणूस जवळ असेल तर हा धक्का पुष्कळ सौम्य होतो, हेही रॉबर्टसन आणि त्यांच्या पत्नी जॉइस यांनी पुढे दाखवून दिले. त्यामुळे सासूबाईंची मदत घेऊ नका असे मी म्हणत नाही, ती पुण्यात घ्या एवढेच म्हणते. त्या महिना-दोन महिने तुमच्याकडे येऊन राहिल्या आणि रात्रीचा काही भार त्यांनी उचलला, तर तुमची झोप सुधारेल आणि मुलाला आईही गमवावी लागणार नाही. तुमच्या सासू-सुनेच्या नात्यात काय आहे ते मला ठाऊक नाही. पण ज्यांच्या हाती तुम्ही मूल सोपवायला निघाला आहात त्यांच्याबरोबर महिनाभर एका छताखाली राहणे तुम्हाला अशक्य नसावे, असे मी धरून चालते.

या सोलापूरच्या विचारात आणखी एक गोष्ट मला दिसते. ती वाचणे तुम्हाला जड जाईल, तरीही लिहिते. मूल अंगाशी येते, तुम्हाला ते सोसत नाही आणि तुम्ही त्याला दुसऱ्या एखाद्या स्त्रीकडे, अधिक सुरक्षित वाटणाऱ्या जागी पाठवू पाहता. हे तुम्ही पूर्वी एकदा केलेले आहे. तेव्हा जे झाले त्याची भरपाई म्हणून आज जो उपाय तुम्हाला सुचतो आहे, त्याचा आकार त्या रात्रीसारखाच आहे. यात तुमचा दोष नाही, ज्या घटनेविषयी कधी बोलणे झाले नाही ती अशीच निर्णयांच्या रूपाने परत येत असते. पण एकदा ते दिसले की निर्णय बदलण्याची मुभा मिळते.

आता त्या रात्रीकडे वळू. "तुझी काही चूक नव्हती, विसरून जा" असे मी म्हटले तर तुम्ही मान डोलवाल आणि मनात म्हणाल की हिला काय कळते. तो तुमच्या अंथरुणात राहिला असता तर कदाचित वाचला असता. हे मी नाकारत नाही. 32 वर्षे जी गोष्ट तुम्ही रोज मनात मोजली आहे ती खोटी म्हणून झटकून टाकणे हा तुमचा अपमान ठरेल. मात्र एखादी कृती घटनांच्या साखळीतला दुवा असणे आणि ती कृती करणारा अपराधी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या एकमेकींत पूर्णपणे मिसळून गेल्या आहेत. अपराधासाठी परिणाम आधी ठाऊक असावा लागतो, निदान तो ठाऊक करून घेणे शक्य तरी असावे लागते. त्या रात्री कोणाला काय ठाऊक होते ते पाहा. देशाच्या भूकंपनकाशात तुमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. दख्खनचे पठार स्थिर आहे अशी जाणकारांचीही धारणा होती. 1992 मध्ये किल्लारी परिसराला लहान धक्के बसले होते, तरीही पुढे एवढे काही होईल असे कोणी ठामपणे सांगू शकले नव्हते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर असलेले माळवद ही घरे पिढ्यान्‌पिढ्या ऊन-थंडीपासून राखणारी म्हणून चांगली समजली जात. तीच घरे पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झोपलेल्या माणसांवर कोसळली, हे लोकांना दुसऱ्या दिवशी कळले. नकाशे बदलले, 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, घरे कशी बांधावीत याचे नियम चर्चेत आले, आणि हे सारे नंतर झाले. तज्ज्ञांना जे आदल्या दिवशी दिसले नाही ते पहिलीतल्या मुलीला दिसायला हवे होते, असा तुमचा आरोप आहे.

शिवाय तुम्ही त्याला कुठे पाठवलेत? आईकडे. अडीच वर्षांच्या मुलासाठी आईच्या कुशीहून सुरक्षित जागा त्या गावात कोणती होती? झोपेने डोळे मिटत असलेल्या प्रत्येक थोरल्या बहिणीने धाकट्या भावंडाला कधी ना कधी असेच ढकललेले असते आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्याही ते लक्षात राहत नाही. तुमच्या बाबतीत दुसरा दिवस तसा उगवला नाही, एवढाच फरक आहे.

सहा वर्षांच्या मुलीने तो दोष स्वतःकडे घेतला, यात आश्चर्य नाही. त्या वयातली मुले आपल्या मनातल्या गोष्टींना आणि हातून घडलेल्या बारीकसारीक कृतींना फार मोठी शक्ती चिकटवतात. मी रागावले म्हणून तो गेला, असा सरळ हिशोब ती करतात. तो हिशोब चुकीचा आहे हे सांगायला मोठे माणूस जवळ लागते. त्या दिवसांत मदतीला पत्र्याच्या शेड आल्या, धान्य आले, ब्लँकेट आली. गावात क्वचितच एखादे घर असे असेल की जिथल्या मोठ्या माणसाला स्वतःचे दुःख बाजूला ठेवून एका मुलीला "तू काही केलं नाहीस" असे बसून सांगणे शक्य होते. ते वाक्य तुमच्यापर्यंत पोचायचे राहून गेले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये आघातानंतरच्या ताणविकाराची पहिल्यांदा अधिकृत नोंद केली, तेव्हा इतर गेले आणि आपण वाचलो याची बोच हे त्याच्या लक्षणांपैकी एक मानले होते. त्या संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या 2013 च्या आवृत्तीतही घटनेच्या कारणांविषयी विपरीत समजुती करून घेऊन स्वतःला दोष देणे याचा समावेश आहे. सांगण्याचा हेतू असा की ज्याला तुम्ही स्वतःविरुद्धचा पुरावा समजता तो बहुधा त्या आघाताचाच एक भाग आहे.

तरीही ही अपराधाची भावना तुम्ही सहज सोडू शकणार नाही, आणि त्याचे कारण केवळ सवय नव्हे, असे मला वाटते. ती तुमचे एक काम करते आहे. दोष माझा होता असे मानले तर जगात काही व्यवस्था उरते: मी तेव्हा चुकले, आता चुकणार नाही, रात्रभर जागेन, श्वास मोजेन आणि मुलाला काही होणार नाही. दोष कोणाचाच नव्हता असे मानले तर जमीन कधीही, कोणाच्याही पायाखाली हलू शकते हे मान्य करावे लागते, आणि ते अधिक भयंकर आहे. बऱ्याच आईवडिलांना असहाय असण्यापेक्षा अपराधी असणे परवडते. हिरोशिमासारखी दूरची उदाहरणे द्यायची गरज नाही. 2014 मध्ये माळीण गाव डोंगराखाली गेले, 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरोघरची माणसे गेली, तेव्हाही मागे उरलेले लोक "मी त्याला गावी जाऊ द्यायला नको होतं", "मी आधीच इस्पितळात न्यायला हवं होतं" हेच म्हणत होते. म्हणून तुमचे काम अपराधाची भावना पुसून टाकण्याचे नाही. त्या भावनेच्या आड जी असहायता आणि जो शोक आहे त्याला हळूहळू जागा करून देणे, हे ते काम आहे. भावासाठी तुम्ही कधी नीट रडलात असे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही.

"मी आई व्हायला नालायक आहे का" या प्रश्नामागे एक गृहीत आहे. ते असे की ज्याच्या बालपणी असे काही घडले त्याने आधी स्वतः पूर्ण बरे व्हावे आणि मगच मुलाजवळ जावे. तसे असते तर आपल्यापैकी फार थोड्यांना मुले वाढवता आली असती. बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये अमेरिकेतील अशाच माता आणि त्यांच्या तान्ह्या मुलांविषयी जे लिहिले ते आजही मार्गदर्शक आहे. ज्या मातांना बालपणी काय घडले हे ठाऊक होते, पण तेव्हा काय वाटले होते ते आठवत नव्हते, त्यांच्याकडून जुने दुःख मुलावर पुन्हा लादले जाण्याची शक्यता अधिक दिसली. ज्यांना ती भीती आणि ते दुखणे आठवत होते त्यांच्या मुलांना त्या आठवणीमुळे उलट संरक्षण मिळत होते. "झालं गेलं गंगेला मिळालं" हा आपल्याकडचा सर्वांचा आवडता सल्ला या बाबतीत पूर्ण चुकीचा आहे. तुम्हाला सगळे आठवते, आणि ते तुम्ही लिहू शकलात. पत्रातला जो भाग वाचून तुम्हाला स्वतःची लाज वाटते, तोच मला मुलाच्या दृष्टीने आशेचा वाटतो.

अर्थात आठवण आहे म्हणून रात्री मुलाला लोटणे चालेल, असे नाही. ते थांबायला हवे आणि ते थांबू शकते. त्या क्षणी काय होते ते आधी समजून घ्या. अंधार असतो, तुम्ही झोपेत असता, अडीच वर्षांचे एक उबदार शरीर तुमच्या अंथरुणात शिरू पाहते. शरीराच्या दृष्टीने ती 1993 ची रात्र असते, आणि विचार जागे होण्याआधी हात हलतो. म्हणून त्या क्षणी विचारांनी स्वतःला समजावण्याचा उपयोग होणार नाही, तयारी संध्याकाळीच करावी लागेल. खोलीत मंद दिवा ठेवा, जेणेकरून डोळे उघडताच तुमची आजची खोली दिसेल. मुलाची गादी तुमच्या गादीला लागून, पण वेगळी अंथरा. तो आला की उठून बसा, पाय जमिनीला टेकवा आणि त्याचे नाव मोठ्याने घ्या. हे नाव घेणे मी मुद्दाम सुचवते आहे, कारण त्या नावाचा मुलगा 1993 मध्ये नव्हता. मग बसल्या बसल्या त्याला मांडीवर घ्या. आडवे असताना जे गुदमरणे होते ते बसल्यावर बहुतेक वेळा बरेच कमी होते. ज्या रात्री हेही जमणार नाही असे वाटते त्या रात्री ते काम पतीकडे द्या. राग अनावर होतो आहे असे वाटले तर मुलाला त्याच्या गादीवर किंवा जिथून तो खाली पडणार नाही अशा जागी ठेवून दोन-चार मिनिटे दुसऱ्या खोलीत जा, तोंडावर पाणी मारा आणि परत या. तो रडेल. ते रडणे धपाट्यापेक्षा किंवा गदागदा हलवण्यापेक्षा कितीतरी बरे आहे. लहान मुलाला कधीही गदागदा हलवू नये, हे इथे प्रत्येक वाचकासाठी लिहून ठेवते.

आणि तरीही एखाद्या वेळी हात सुटला, तर पुढच्या पाच मिनिटांत काय करता याला फार महत्त्व आहे. सध्या तुम्ही दिवसभर चॉकलेट, मोबाइल, हट्ट पुरवणे या मार्गाने भरपाई करता. त्याने मुलाला दोन गोष्टी कळतात: आई अधूनमधून अकारण बदलते, आणि त्यानंतर तिला काही नाकारता येत नाही. अडीच वर्षांच्या मुलाला नकाराची मर्यादा आईपासून हवी असते, कारण ती मर्यादा ठाम असली की त्याला सुरक्षित वाटते. सगळे देणारी, अपराधी चेहऱ्याची आई त्याला भेदरवते. मग तो अधिक बिलगतो, अधिक हट्ट करतो, आणि पुढचा धपाटा जवळ येतो. या चक्रातून बाहेर पडायला भेटवस्तू नको, काही वाक्ये पुरतात. त्याच्या उंचीवर बसून म्हणा, "आईने तुला ढकललं. तुला लागलं. आईचं चुकलं. तू काही केलं नाहीस." एवढेच. लांबलचक माफी मागू नका, त्याच्यासमोर रडत बसून त्याला तुमची समजूत घालायला लावू नका. शेवटचे वाक्य मात्र कधी गाळू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात आई आणि तान्ह्या मुलांच्या चित्रफिती क्षणाक्षणाने तपासायला सुरुवात केली, तेव्हा असे दिसत गेले की अगदी चांगल्या जोड्यांमध्येही दोघांचा सूर जुळलेला असतो तो सुमारे एक तृतीयांश वेळच. उरलेला वेळ चुकणे आणि पुन्हा जुळवून घेणे यात जातो. मुलाचा विश्वास या पुन्हा जुळवण्यातून घडतो. डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 मध्ये "पुरेशी चांगली आई" असे म्हटले ते उगाच नव्हे, आणि ते स्वतः बालरोगतज्ज्ञ होते.

भीतीचे पुढे जाणे मात्र गंभीरपणे घ्यावे लागेल. ट्रक गेल्यावर "भिंत पडेल" म्हणणारा मुलगा भूकंपाला घाबरत नाही, कारण भूकंप म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. तो तुमच्या चेहऱ्याला घाबरतो. पुढच्या वेळी आवाज आला की तुमच्या मनात काय चालले आहे ते लपवण्याचा खटाटोप न करता, पण आवाज स्थिर ठेवून म्हणा, "ट्रक गेला. आई दचकली. भिंत पक्की आहे." मग दोघे मिळून भिंतीला हात लावा, खिडकीतून ट्रक पाहा. पाचसहा वेळा हे झाले की त्याचा खेळ होईल. आणि अडीच वर्षांच्या मुलाला तोच खेळ शंभर वेळा खेळायचा असतो, तेव्हा तुमच्या सरावाचीही सोय झाली.

सातव्या मजल्याबद्दल तुमच्या पतीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. किल्लारीत घरे पडली ती दगड, माती आणि जड छपरामुळे. नियमांनुसार बांधलेल्या आरसीसी इमारतीचे वर्तन वेगळे असते. पण ही गोष्ट त्यांनी सांगून तुमच्या गळी उतरणार नाही. इमारतीच्या संरचनेचा आराखडा आणि प्रमाणपत्रे विकसकाकडून मागवा, एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला अर्धा तास भेटून तुमचे सगळे प्रश्न, वेड्यासारखे वाटणारेसुद्धा, विचारा. कपाटे भिंतीला पक्की करून घ्या. खरी काळजी घेण्यासारखी असते ती एवढी, आणि ती एकदा घेऊन झाली की संपते. रात्री दहा वेळा श्वास पाहणे हे या काळजीत मोडत नाही. तो भीतीचा विधी आहे, आणि विधी जितका करावा तितका वाढतो. तो एकदम बंद करू नका. या आठवड्यात रात्रीतून किती वेळा उठता ते फक्त लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्यापासून एकेक खेप कमी करा. राहायला जाण्याची तारीख मात्र अजून ठरवू नका, आधी सुटीच्या दिवशी तिथे जाऊन दुपारी जेवा, मुलाला खेळू द्या, परत या.

तुमच्या पत्रात एक गोष्ट अजिबात नाही, आणि तिच्याविषयी मी सर्वांत जास्त विचार केला. तुमचा मुलगा कसा आहे? त्याला काय आवडते, कोणते शब्द तो चुकीचे उच्चारतो, पाळणाघरात त्याचा मित्र कोण आहे? अख्ख्या पत्रात तो रात्री बिलगतो आणि भिंतीला घाबरतो, यापलीकडे काही नाही. भावाचे वय, भावाची झोप, भावाचे बिलगणे यांच्या आड तो झाकला गेला आहे. रोज पंधरा मिनिटे, दिवसाउजेडी, मोबाइल दूर ठेवून त्याच्याजवळ जमिनीवर बसा आणि तो जे खेळेल त्याकडे फक्त पाहा. शिकवू नका, सुधारू नका. रात्री झोपण्यापूर्वी एका वहीत त्याच्याविषयी एक ओळ लिहा, अशी ओळ की जी भावाला लागू पडणार नाही. काही महिन्यांत तो तुमच्या भावाच्या वयाहून मोठा होईल. त्या सुमारास तुम्हाला विचित्र वाटेल, कदाचित पुन्हा अपराधी वाटेल, कारण हा पुढे चालला आणि तो तिथेच राहिला. ते आधीच ठाऊक असलेले बरे. भावाच्या फोटोविषयी त्याने कधी विचारले तर त्याला सांगा, "हा मामा. तो लहान असताना वारला. तेव्हा घर पडलं होतं." "मामा झोपला" असे सांगू नका, कारण मग तो झोपेला घाबरेल. तो तेच पुन्हा पुन्हा विचारेल, तुम्हीही तेच उत्तर पुन्हा द्या.

हे सर्व एकटीने निभावण्याचा विचार सोडा. झोप महिनोन्‌महिने नाही, शरीर मागच्या काळात खेचले जाते, मुलावर हात उठतो: एवढ्यावर मानसोपचारतज्ज्ञाची भेट घेणे आवश्यक आहे, ते ऐच्छिक नाही. आघातावर केंद्रित बोधनिष्ठ वर्तनोपचार (विचार आणि वागणे यांवर बोलण्यातून काम करणारी पद्धत, सीबीटी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर केला जाणारा उपचार) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच केलेली आहे. भेटीत "तुम्ही या पद्धतींचे प्रशिक्षण घेतले आहे का" असे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्याचा राग येणारा तज्ज्ञ आपल्या कामाचा नव्हे. औषध सुचवले तर ते नाकारण्याआधी त्याचे कारण ऐकून घ्या, नीट झोप मिळू लागली की निम्मा प्रश्न सुटल्यासारखे वाटेल. जिथे तज्ज्ञ सहज मिळत नाही अशा गावांतल्या वाचकांसाठी सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416 असून तिथे दिवसरात्र मराठीत बोलता येते. स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर मात्र कोणत्याही वाचकाने भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच क्षणी मूल विश्वासाच्या माणसाकडे देऊन या क्रमांकावर बोलावे किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. एका माणसाला आज सगळे सांगायचे असेल तर ते पतीला सांगा. ते नव्या घरावरून चिडतात, कारण त्यांना फक्त हट्ट दिसतो आहे, त्यामागची रात्र त्यांना ठाऊकच नाही. तोंडाने सांगवत नसेल तर मला लिहिलेले पत्र त्यांच्या हाती द्या आणि ते वाचतील तेवढा वेळ शेजारी बसा.

ज्या वाचकांच्या बालपणी भूकंप नव्हता, पण घरातच मारहाण होती, किंवा ज्यांच्यावर ओळखीच्या माणसाने अत्याचार केला होता, त्यांच्यासाठी एक फरक सांगायला हवा. तिथे दोषी कोणीतरी निश्चित असतो, आणि त्या व्यक्तीच्या घरी मुलाला एकटे न सोडणे याला अतिकाळजी म्हणत नाहीत. नातेवाईक काहीही म्हणोत.

आता तुमच्या आईविषयी. सांगावे, असे माझे मत आहे, पण लगेच नको, आणि निवाडा मागण्यासाठी नको. "तू मला दोष देतेस का" असा प्रश्न घेऊन गेलात तर तिच्या एका उसाशाचाही तुम्ही चुकीचा अर्थ लावाल. तिच्याकडेही स्वतःचा हिशोब असणार: मी त्याला अंगणातच का झोपू दिले नाही, मी त्याला हाताने का ओढू शकले नाही. 32 वर्षे दोघी एकाच मुलासाठी वेगवेगळ्या खोलीत झुरत आला असाल, तर बोलण्याने दोघींचाही भार हलका होण्याचा संभव आहे. याउलट ती "कशाला जुनं उकरतेस" म्हणून उठूनही जाईल, किंवा ऐकल्यावर तिच्या तोंडून काही दुखावणारे निघून जाईल, आणि ते सोसण्याची तयारी तुमची आज नाही. म्हणून आधी उपचाराच्या काही बैठका होऊ द्या. मग सुरुवात त्या रात्रीपासून न करता त्याच्यापासून करा. तो कसा होता, त्याला काय आवडायचे, तो मला काय म्हणून हाक मारायचा, हे विचारा. ती बोलली तर पुढचे त्याच दिवशी किंवा पुढच्या भेटीत येईल. नाही बोलली तर तुमचे बरे होणे तिच्या उत्तरावर अडलेले नाही, हे तोवर तुम्हाला पटलेले असेल. हे फोनवर करू नका. पहिल्या खेपेला मुलाला पतीजवळ ठेवून एकट्याच गावी जा, दोन दिवस राहता येईल अशा बेताने जा, आणि तो दिवस 30 सप्टेंबर किंवा अनंत चतुर्दशीचा नसावा.